कांद्यातील गंधक संयुगे आणि त्यांची स्फटिकरचना: जुन्नर-आंबेगावच्या बराखीपासून क्ष-किरणांपर्यंत

कांदा कापला की डोळ्यांत पाणी येते, लसूण ठेचला की घरभर वास सुटतो. दोन्हींच्या मुळाशी गंधक असलेली सेंद्रिय संयुगे आहेत. या संयुगांतील अणू अवकाशात नेमके कसे मांडलेले असतात, हे शास्त्रज्ञांनी प्रामुख्याने स्फटिकांवर क्ष-किरण टाकून शोधले. वरवर पाहता हा प्रयोगशाळेतला विषय आहे. मात्र पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांसारख्या कांदा पिकवणाऱ्या भागात याच संयुगांचा संबंध कांद्याच्या तिखटपणाशी, जमिनीला द्यायच्या खताशी आणि काही अंशी बराखीतल्या कांद्याच्या टिकाऊपणाशी येतो.

थोडक्यात

- कांदा जमिनीतून गंधक घेतो आणि त्यापासून वास नसलेली, स्थिर संयुगे तयार करून पेशींत साठवतो.
- कांदा कापल्यावर विकरांमुळे (एन्झाइममुळे) या संयुगांपासून डोळ्यांना झोंबणारा वायुरूप पदार्थ तयार होतो.
- साठवलेल्या संयुगांपैकी मेथिइन या पदार्थाची स्फटिकरचना १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. लसणातील विकराची रचना २००२ मध्ये, तर कांद्यातील ‘रडवणाऱ्या’ विकराची रचना २०१७ मध्ये समोर आली.
- जमिनीत गंधक कमी असेल तर कांदा सौम्य होतो आणि उत्पादनही घटू शकते.

जुन्नर-आंबेगाव आणि कांदा

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीत आहे. तिथे पाऊस भरपूर पडतो, भाताची खाचरे आहेत आणि जंगलात हिरडा आहे. पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होतो. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव, वडज आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी कालव्यांनी फिरू लागल्यावर पूर्व पट्ट्यात ऊस, टोमॅटो, द्राक्षे आणि कांदा ही पिके स्थिरावली. जुन्नर तालुक्यातील ओतूर, आळेफाटा आणि आंबेगाव तालुक्यातील मंचर येथील बाजारांत कांद्याचे लिलाव होतात आणि भाव दहा किलोवर बोलला जातो. शेजारच्या खेड तालुक्यात राजगुरुनगर येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. भीमा किरण, भीमा शक्ती, भीमा सुपर हे वाण तिथलेच.

या भागात रब्बीचा म्हणजे गरवा कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि बराखीत भरला जातो. भाव मिळेल तसा तो दिवाळीपर्यंत बाहेर काढला जातो. लिलावात कांद्याचा आकार, रंग, पत्ती आणि वाळलेपणा पाहिला जातो. त्याच्या आत गंधकाची संयुगे किती आहेत, हे कोणी मोजत नाही. भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा खाणाऱ्याला मात्र ते पहिल्याच घासात कळते.

मातीतले गंधक कांद्यात कसे पोहोचते?

वनस्पती गंधक मूलद्रव्याच्या रूपात घेऊ शकत नाही. मुळे ते सल्फेटच्या रूपात, पाण्यात विरघळलेले असतानाच शोषतात. पानांत सल्फेटचे रूपांतर होऊन सिस्टीन हे अमिनो आम्ल बनते. सिस्टीनला पुढे कार्बनची छोटी साखळी जोडली जाते आणि गंधकाच्या अणूवर ऑक्सिजनचा एक अणू बसवला जातो. अशा पदार्थांना सिस्टीन सल्फॉक्साइड म्हणतात. कांदा-लसूण कुळात त्यांचे चार मुख्य प्रकार आढळतात.

- आयसोअलिइन: कांद्यातील मुख्य संयुग. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या पदार्थाचा पूर्वज.
- अलिइन: लसणातील मुख्य संयुग. लसणाच्या वासाचा पूर्वज.
- मेथिइन: कांदा आणि लसूण दोन्हींत असते. कोबी आणि सलगम यांतही सापडते.
- प्रोपिइन: थोड्या प्रमाणात आढळते.

शेतकरी द्राक्षावर धुरळतो किंवा पोत्यातून जमिनीत टाकतो ते पिवळे गंधक वेगळे. त्यात आठ अणूंची मुकुटासारखी वर-खाली होणारी कडी असते. अशा कड्या एकमेकींवर रचून पिवळा स्फटिक बनतो. ही रचना वॉरन आणि बरवेल यांनी १९३५ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवली. जमिनीतील जिवाणू या कड्या तोडून त्यांचे सल्फेट करतात, तेव्हाच ते गंधक पिकाच्या उपयोगी पडते. म्हणून शुद्ध गंधक सावकाश लागू होते, तर अमोनियम सल्फेटमधील गंधक लगेच मिळते.

कांदा कापल्यावर नेमके काय घडते?

अखंड कांद्याला फारसा वास नसतो. कारण सिस्टीन सल्फॉक्साइड पेशीच्या एका कप्प्यात असतात, तर त्यांना तोडणारे अलिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. सुरी फिरली किंवा बुक्की बसली की कप्पे फुटतात आणि दोघे एकत्र येतात. त्यानंतरच्या घटना काही सेकंदांत घडतात.

१. अलिनेज आयसोअलिइनचे तुकडे करते. त्यातून अमोनिया, पायरुविक आम्ल आणि एक अतिशय अस्थिर सल्फेनिक आम्ल बाहेर पडते.

२. दुसरे एक विकर या सल्फेनिक आम्लाची अंतर्गत रचना बदलते. त्यातून प्रोपेनथायल एस-ऑक्साइड हा वायुरूप होऊन उडणारा पदार्थ तयार होतो.

३. हा वायू डोळ्यापर्यंत जातो आणि बुबुळावरच्या पारदर्शक पटलातील संवेदी मज्जातंतूंना उत्तेजित करतो. मेंदूकडून अश्रुग्रंथींना संदेश जातो आणि पाणी सुटते.

प्रोपेनथायल एस-ऑक्साइडचा रेणू फक्त अकरा अणूंचा आहे: कार्बनचे ३, हायड्रोजनचे ६, ऑक्सिजनचा १ आणि गंधकाचा १. मात्र वजनात या एकट्या गंधकाचा वाटा सुमारे ३६ टक्के असतो.

तिखटपणा मोजण्यासाठी याच घडामोडीचा उपयोग होतो. सल्फॉक्साइडचा एक रेणू तुटला की पायरुविक आम्लाचा एक रेणू तयार होतो. त्यामुळे कांद्याच्या रसातील पायरुविक आम्ल मोजले की तिखटपणाचा अंदाज येतो. श्विमर आणि वेस्टन यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही कांद्याच्या प्रयोगशाळांत आधारभूत मानली जाते.

अणू तेवढेच, पण कांदा आणि लसूण वेगळे का?

अलिइन आणि आयसोअलिइन या दोघांमध्ये अगदी सारखेच अणू असतात: कार्बनचे ६, हायड्रोजनचे ११, नायट्रोजनचा १, ऑक्सिजनचे ३ आणि गंधकाचा १. फरक फक्त एका द्विबंधाच्या जागेचा आहे. आयसोअलिइनमध्ये तो गंधकाला लागूनच्या कार्बनवर असतो, तर अलिइनमध्ये तो एक घर पुढे सरकलेला असतो.

एवढ्याशा फरकाने दोन वेगळे परिणाम होतात. कांद्यातील संयुग तुटल्यावर डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. लसणातील संयुग तुटल्यावर त्याचे दोन तुकडे एकत्र येऊन अलिसिन हा तीव्र वासाचा पदार्थ बनतो. म्हणूनच लसूण सोलताना हाताला वास लागतो, पण कांद्यासारखे डोळे भरून येत नाहीत.

म्हणजे रेणूत कोणते अणू किती आहेत, हे कळून भागत नाही. ते कुठे आणि कोणत्या दिशेला बसले आहेत, हेही कळावे लागते. तिथे स्फटिकरचनेची गरज लागते.

स्फटिकरचना म्हणजे काय आणि ती कशी काढतात?

खडीसाखर करताना पाकात दोरा सोडून ठेवतात. पाक हळूहळू निवत जातो आणि दोऱ्यावर साखरेचे रेणू एकामागून एक, ठरावीक पद्धतीने बसत जातात. शेवटी सपाट बाजू आणि कोपरे असलेला खडा तयार होतो. खड्याचा बाहेरचा आकार नियमित दिसतो, कारण आतली मांडणीच नियमित असते. अणूंच्या या पुनःपुन्हा येणाऱ्या मांडणीला स्फटिकरचना म्हणतात.

सेंद्रिय संयुगाची रचना काढण्यासाठी ते शुद्ध करून पाणी, अल्कोहोल अशा द्रावकात विरघळवतात आणि द्रावक सावकाश उडू देतात. मिलिमीटरचा काही दशांश भाग एवढा एक निर्दोष स्फटिक मिळाला तरी पुरतो. एवढ्याशा स्फटिकाच्या एका ओळीतसुद्धा काही लाख रेणू असतात.

त्यावर क्ष-किरणांचा झोत टाकला जातो. दोन अणूंमधील अंतर साधारण दीड अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या दीडपट असते. तांब्यापासून मिळणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबीही १.५४ अँगस्ट्रॉम आहे. दोन्ही मापे जवळपास सारखी असल्याने अणूंच्या थरांवरून परतणाऱ्या लाटा काही दिशांना एकमेकींना बळ देतात आणि इतर दिशांना एकमेकींना पुसून टाकतात. परिणामी पडद्यावर ठिपक्यांची नक्षी उमटते. ठिपक्यांच्या जागांवरून स्फटिकातील घराची मापे कळतात, तर ठिपक्यांच्या तेजावरून त्या घरात कोणता अणू कुठे बसला आहे, ते गणिताने काढता येते.

स्फटिकामुळे क्ष-किरणांचे विवर्तन होते, हे १९१२ मध्ये जर्मनीत माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून झालेल्या प्रयोगात दिसले. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये विल्यम हेन्री ब्रॅग आणि विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी त्यावरून मिठासारख्या पदार्थांची रचना काढून दाखवली. पूर्वी एका रचनेसाठी महिनोन्महिने हाताने आकडेमोड करावी लागे. आज चांगला स्फटिक हाती असेल तर यंत्र आणि संगणक हे काम काही तासांत करतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशी कामे चालतात.

मेथिइनचा स्फटिक काय सांगतो?

लसणातील अलिइन हे संयुग स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर स्टोल आणि एवाल्ड सेबेक यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते रंगहीन आणि वास नसलेले स्फटिकरूप निघाले. त्यात एक नवलाची गोष्ट होती. या रेणूत डावे-उजवेपण केवळ कार्बनमुळे नव्हते, ते गंधकामुळेही होते. कार्बन आणि गंधक अशा दोन्ही केंद्रांवर डावे-उजवेपण असलेला हा निसर्गात सापडलेला पहिला पदार्थ ठरला.

गंधकाला डावे-उजवेपण कसे येते, हे समजण्यासाठी तीन दगडांच्या चुलीची कल्पना करता येईल. चुलीवरचे भांडे म्हणजे गंधकाचा अणू. खालचे तीन दगड म्हणजे त्याला जोडलेले तीन भाग: ऑक्सिजन, सिस्टीनची साखळी आणि कार्बनचा छोटा गट. भांड्याच्या वरच्या बाजूला कोणताही अणू नसतो. तिथे गंधकाची स्वतःची इलेक्ट्रॉनची जोडी असते. तिन्ही दगड वेगवेगळे असल्याने ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने किंवा उलट दिशेने, अशा दोन प्रकारे मांडता येतात. एक मांडणी म्हणजे दुसरीचे आरशातले रूप. साध्या तापमानाला गंधक एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत आपोआप उलटत नाही.

वनस्पती यांपैकी कोणती मांडणी निवडते? याचे उत्तर मेथिइनच्या स्फटिकातून मिळाले. मेथिइन हे या कुळातील सर्वांत लहान संयुग आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यात ते कोबीतही सापडले. हा शोध लावणाऱ्यांत नोबेल पारितोषिक विजेते रिचर्ड सिंज होते. १९५६ मध्ये ब्रिटनमधील हाइन आणि रॉजर्स यांनी मेथिइनची स्फटिकरचना प्रसिद्ध केली आणि गंधकावरील मांडणी निश्चित केली.

यामागचा तर्क साधा आहे. या संयुगातील कार्बनचे केंद्र सिस्टीनकडून आलेले असते आणि निसर्गातील सिस्टीनची बाजू ठाऊक होती. अमिनो आम्ले आणि शर्करा यांची जी बाजू रसायनशास्त्रज्ञ केवळ संकेत म्हणून धरत होते, ती खरोखर बरोबर आहे हे नेदरलँड्सच्या बायफूट यांनी १९५१ मध्ये क्ष-किरणांनी सिद्ध केलेले होते. एकाच रेणूतील एका केंद्राची बाजू माहीत असेल, तर स्फटिकातील मांडणी पाहून दुसऱ्या केंद्राची बाजू सांगता येते.

अशा सल्फॉक्साइडच्या रचनेत आणखी काही गोष्टी दिसतात. गंधक आणि ऑक्सिजन यांच्यातील अंतर सुमारे १.५ अँगस्ट्रॉम असते, तर गंधक आणि कार्बन यांच्यातील अंतर सुमारे १.८ अँगस्ट्रॉम. गंधकापाशी सपाट नव्हे, तर सुळक्यासारखी रचना असते. अमिनो आम्लांच्या स्फटिकात रेणूच्या एका टोकावर धन आणि दुसऱ्या टोकावर ऋण भार असतो. शेजारच्या रेणूंची विरुद्ध टोके हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. म्हणूनच हे पदार्थ घट्ट स्फटिक बनतात आणि हवेत उडून जात नाहीत. अखंड कांद्याला वास का नसतो, याचे एक कारण इथे सापडते: साठवणीतले संयुग उडणारेच नाही.

बाजू महत्त्वाची का, हे प्रयोगशाळेत बनवलेल्या अलिइनवरून कळते. साध्या रासायनिक पद्धतीने गंधकावर ऑक्सिजन चढवला की डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही मांडण्यांचे मिश्रण मिळते. वनस्पतीतील विकर मात्र एकच मांडणी तयार करते, आणि अलिनेजही तीच मांडणी दुसरीपेक्षा बऱ्याच वेगाने तोडते. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात नीट बसत नाही, तसाच हा प्रकार आहे.

रडवणाऱ्या रेणूची रचना स्फटिकाशिवाय कशी कळली?

साठवणीतली संयुगे स्थिर असली, तरी डोळ्यांत पाणी आणणारा पदार्थ तसा नाही. तो उडतो, पाण्याशी अभिक्रिया करतो आणि स्वतःच्याच दुसऱ्या रेणूंशी जोडला जातो. त्याची बाटली भरून ठेवून, सावकाश स्फटिक वाढण्याची वाट पाहणे शक्य नव्हते.

त्यामुळे तो नेमका कोणता पदार्थ आहे, यावर बराच काळ एकमत नव्हते. फिनलंडचे नोबेल विजेते आर्तुरी विर्तानेन यांच्या गटाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कांद्यातील मूळ संयुग शोधले. डोळ्यांना झोंबणारा पदार्थ म्हणजे त्यापासून निघणारे सल्फेनिक आम्लच असावे, असे त्यांचे मत होते. १९७१ मध्ये ब्रॉडनित्झ आणि पास्काले यांनी तो सल्फेनिक आम्ल नसून प्रोपेनथायल एस-ऑक्साइड आहे, असे दाखवले. पुढे अमेरिकेत एरिक ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये या पदार्थाच्या वायूवर सूक्ष्मलहरींचा अभ्यास केला. फिरणारा रेणू कोणत्या लहरी शोषतो, यावरून त्याचा आकार कळतो. ऑक्सिजन आणि कार्बनची साखळी द्विबंधाच्या एकाच बाजूला आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

विकरांचे स्फटिक: २००२ आणि २०१७

लहान रेणूंनंतर लक्ष गेले ते विकरांकडे. विकरे ही हजारो अणूंची प्रथिने असतात. त्यांचे स्फटिक मिळवणे कठीण असते, आणि मिळालेले स्फटिकही नाजूक असतात.

लसणातील अलिनेजची रचना जर्मनीतील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. हे विकर दोन सारख्या भागांची जोडी आहे. प्रत्येक भागात बी-६ जीवनसत्त्वापासून बनलेला एक मदतनीस रेणू बसलेला असतो आणि सल्फॉक्साइड तोडण्याचे काम त्याच्या आधाराने होते.

त्याच वर्षी कांद्याबद्दलची एक जुनी समजूत मोडली. अलिनेजने संयुग तोडले की रडवणारा पदार्थ आपोआप तयार होतो, असे तोवर मानले जाई. जपानमधील हाउस फूड्स कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले की त्यासाठी कांद्यात आणखी एक स्वतंत्र विकर असते. याच कामासाठी त्यांना २०१३ मध्ये इग नोबेल हे गमतीचे, पण विचार करायला लावणारे पारितोषिक मिळाले. या दुसऱ्या विकराची स्फटिकरचना २०१७ मध्ये अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील गटाने प्रसिद्ध केली. विकराच्या आत एक छोटी खोबण असते. अस्थिर सल्फेनिक आम्ल तिथे अडकते आणि त्यातील हायड्रोजन एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवला जातो.

न रडवणारा कांदा शक्य आहे का?

होय, आणि तो तयारही झाला आहे. न्यूझीलंडमधील संशोधकांनी २००८ मध्ये दुसऱ्या विकराचे जनुक शांत करून असा कांदा बनवला होता. हाउस फूड्सने बियाण्यावर किरणांचा मारा करून, अलिनेज अतिशय कमी असलेला कांदा निवडला आणि तो जपानच्या बाजारात आणला.

कमी तिखट कांदा मिळवण्याचा जुना मार्ग जमिनीतून जातो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील ‘विडालिया’ कांदा गोड म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचे एक मोठे कारण म्हणजे तिथल्या रेताड जमिनीत गंधक कमी असते. त्या नावाचा गैरवापर होऊ नये, यासाठी जॉर्जियाने १९८६ मध्ये कायदाही केला. आपल्याकडचा लाल कांदा याच्या अगदी उलट आहे. आखाती देश, श्रीलंका, मलेशिया, बांगलादेश येथे तो त्याच्या तिखटपणासह विकला जातो.

बराखीतला कांदा आणि गंधक

गरवा कांदा बराखीत चार-पाच महिने टिकला तरच शेतकऱ्याला भावाची वाट पाहता येते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात थांबवली आणि मे २०२४ मध्ये ती पुन्हा खुली केली. अशा वेळी कोणाकडे टिकाऊ माल आहे, यावर हाती येणारा पैसा ठरतो. साठवणीत कांद्याचे वजन घटते, काही कांदे सडतात, काहींना कोंब येतात, तर काहींच्या पत्तीखाली काळी बुरशी धरते.

साधारणपणे तिखट आणि घट्ट कांदा जास्त टिकतो, तर गोड आणि पाणीदार कांदा लवकर खराब होतो. कांद्याच्या कापलेल्या भागातून निघणारी गंधक संयुगे अनेक जिवाणू आणि बुरशींना मारक असतात. जखम झालेल्या पेशींचे ते संरक्षणच आहे. मात्र टिकाऊपणाचे सारे श्रेय गंधकाला देणे चुकीचे ठरेल. तिखट कांद्यात पाण्याचे प्रमाण बहुधा कमी असते, त्याचाही यात वाटा असतो. रंगीत कांद्याच्या वाळलेल्या पत्तीत गंधक नसलेली काही संयुगे असतात आणि तीही बुरशीला अडवतात. शिवाय वाण, काढणी आणि वाळवणी या गोष्टी बिघडल्या तर गंधक कितीही असले तरी कांदा वाचत नाही.

शेतात याचा उपयोग कसा होतो?

सल्फेट पाण्याबरोबर वाहून जाते. हलक्या, मुरमाड जमिनीत, जास्त पाणी देणाऱ्या शेतात आणि सेंद्रिय खत कमी पडणाऱ्या जमिनीत गंधकाची उणीव जाणवते. अशा वेळी कांद्याची कोवळी पात पिवळसर पडते. नत्र कमी पडल्यावर आधी जुनी पात पिवळी होते, हा दोन्हींतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

- माती तपासणी: हेक्टरी २५ किलोपेक्षा जास्त गंधक असलेल्या जमिनीत हेक्टरी १५ किलो, तर त्यापेक्षा कमी असलेल्या जमिनीत ३० किलो गंधक लागवडीच्या वेळी द्यावे, अशी कांद्यासाठी शिफारस आहे.
- कोणत्या खतातून: सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे ११ टक्के गंधक असते. ३० किलो गंधकासाठी हेक्टरी साधारण २७० किलो, म्हणजे एकरी दोन पोत्यांहून थोडे अधिक सुपर फॉस्फेट लागते. २०:२०:०:१३ या खतातील शेवटचा आकडा गंधकाचा आहे. डीएपीमध्ये गंधक नसते. त्यामुळे वर्षानुवर्षे केवळ डीएपी आणि युरिया वापरणाऱ्या शेतात ते कमी पडू शकते.
- जास्त म्हणजे चांगले नव्हे: गरज भागल्यावर आणखी गंधक टाकून उत्पादन वाढत राहत नाही. उशिरा दिलेल्या नत्रामुळे मात्र माना जाड राहतात आणि साठवणीत सड वाढते.
- काढणी आणि वाळवणी: काढणीआधी दोन आठवडे पाणी तोडावे. निम्म्याहून अधिक माना पडल्यावर काढणी करावी. पातीसह तीन दिवस शेतात सुकवून, इंचभर मान ठेवून पात कापावी. त्यानंतर दहा-बारा दिवस सावलीत वाळवून मगच बराख भरावी. मान नीट मिटली तर आतल्या पेशी अखंड राहतात आणि बुरशीला वाट मिळत नाही.

नेहमी पडणारे प्रश्न

*कांद्यामुळे डोळ्यांत सल्फ्युरिक आम्ल तयार होते का?* असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात पाणी येण्याचे मुख्य कारण म्हणजे प्रोपेनथायल एस-ऑक्साइडमुळे उत्तेजित होणारे मज्जातंतू. त्यासाठी आम्ल तयार होण्याची गरज नसते.

*शिजवलेला कांदा का झोंबत नाही?* उष्णतेने विकरे निकामी होतात. अख्खा कांदा भाजला किंवा उकडला तर पेशी फुटण्याआधीच विकरे नष्ट झालेली असतात, त्यामुळे तो गोडसर लागतो.

*धारदार सुरीने फरक पडतो का?* पडतो. बोथट सुरी पेशी चिरडते, त्यामुळे जास्त रस सुटतो. चिरलेला कांदा पाण्यात टाकला की तिखट पदार्थ पाण्यात उतरतात.

*बुक्कीने फोडलेला कांदा जास्त तिखट का लागतो?* बुक्कीने एकाच वेळी असंख्य पेशी फुटतात आणि विकर व सल्फॉक्साइड जागोजागी एकत्र येतात. कांदा फोडून थोडा वेळ ठेवला किंवा पाण्यातून काढला तर झोंबरा वायू निघून जातो आणि भाकरीबरोबर तो सौम्य लागतो.